सुराच्या जरा खाली

५ फेब्रुवारी

दिवसभर लोकांचे दात बनवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तोंड मिटून बसायचं, असं माझं चाललंय. म्हणून ही वही आणली. लॅबमध्ये निदान कवळ्यांशी बोलते. मेणात दात बसवताना "सरक गं जरा, शेजारणीला जागा दे" असं पुटपुटते आणि मालक हसतात. घरी तेवढंही नाही.

घरात हे असतात. माझा नवरा. गेल्या वर्षी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि उजवा हात, उजवा पाय, बोलणं, सगळं एका सकाळी गेलं. एकच शब्द उरला, 'तर'. पाणी हवं असलं तरी तर, नको असलं तरी तर. सुरुवातीला मानही हो-नाहीला उलटसुलट हलायची, मग आम्ही विचारणंच सोडलं. आता पुढे काही सांगतील असं वाटून मी अजूनही हातातलं काम सोडून उभी राहते. पुढे काही येत नाही. डॉक्टर म्हणाले, ह्यांना किती समजतंय ते छातीठोक सांगता येणार नाही. लेक म्हणते, काहीच समजत नाही. मी कधी इकडे, कधी तिकडे.

खरं सांगायचं तर मला ह्यांच्या बोलण्यापेक्षा गिटारची आठवण जास्त येते. दिवसा ऑफिसात नकाशे काढायचे आणि सुट्टीला हॉटेलात, लग्नात वाजवायचे. त्यावर मी जन्मभर कुरकुर केली. पण संध्याकाळी मी दारात चप्पल काढत असले की हे एक धून वाजवायचे. त्यांनीच केलेली, बिननावाची. तिच्यात एक जागा होती. तार वर ढकलत सूर चढवत न्यायचा, आणि पोचला की तिथल्या तिथे हलकेच थरथरवायचा. जणू कुणी हाक मारली आणि पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना. ती जागा मला परत हवीय. अख्खी धून नको, तेवढंच.

८ फेब्रुवारी

सुरुवातीला एका फिजिओथेरपिस्टने गिटार ह्यांच्या मांडीवर ठेवून बघितली होती. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते ती उचलेपर्यंत तसंच. तेव्हापासून ती कपाटामागे पडली होती. आज काढली, पुसली, तिच्या छोट्या स्पीकरच्या डब्याला जोडली आणि छेडली. फुटकी बादली आपटल्यासारखा आवाज आला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. झोप आली असावी.

उद्या क्लास लावणार आहे. या वयात! लोक हसतील तर हसू देत. त्यांचे दात बहुतेक मीच बनवलेले असतील.

१६ फेब्रुवारी

माझे गुरुजी म्हणजे लेकीपेक्षाही लहान पोरगी आहे. वाद्यांच्या दुकानाच्या माडीवर एक खोली, दोन खुर्च्या, आवाज अडवायला भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, काय शिकायचंय?"

मी तोंडाने धून गुणगुणले आणि म्हणाले, "एवढी एकच जागा."

"ही बेंड आहे. आणि वर व्हायब्रेटो. काकू, तुम्ही पहिलीच्या वर्गात येऊन थेट दहावीचा पेपर मागताय."

"मग पहिली ते नववी जरा भराभरा घ्या," म्हटलं. मी तिला गुरुजीच म्हणते. तिला आवडतं असं दिसतं.

बोटांची टोकं सोलून निघाली आहेत. कवळी पॉलिश झाली की मी डाव्या हाताचं बोट फिरवून बघते, कुठे खरखर राहिली का. आज काहीच कळेना. उजव्या हाताने बघितलं.

३ मार्च

आज पहिली बेंड. गुरुजींनी सांगितलं ते लिहून ठेवते. गिटारच्या दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमध्ये एक घर. आधी दोन घरं पुढचा सूर वाजवायचा आणि कानात धरून ठेवायचा. मग मागच्या घरात यायचं आणि तार वर ढकलत ढकलत तोच सूर गाठायचा. एकट्या बोटाने होत नाही, मागे दोन बोटं लावायची. जोर बोटांचा नाही, मनगटाचा, कुलपात किल्ली फिरवतो तसा. सगळी कारागिरी डाव्या हाताची. उजवा हात बापडा नुसती तार छेडतो, हमाली करतो.

"अजून... अजून वर... काकू, थांबलात का?"

"तुटेल ना तार!"

"नाही तुटत. सगळे शिकणारे तिथेच घाबरतात. सुराच्या जरा खाली थांबतात आणि आपण पोचलो असं समजतात."

मला तर पोचल्यासारखंच वाटत होतं.

७ मार्च

रोज लॅबमधून आले, हात धुतले, ह्यांना सांभाळणाऱ्या मावशी गेल्या की मी ह्यांच्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसते. तेवढीच सोबत. पण ह्यांना ते सोसत नाही असं दिसतंय. मी बेंड करायला लागले की डावा हात उचलतात, तळवा वर, आणि वर वर नेतात. उशी उंच हवी असते. खाटेला हँडल आहे, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होते. मी गिटार ठेवते, हँडल फिरवते, पुन्हा बसते, वाजवते, की पुन्हा हात वर. आज तर शेवटी हे दरबारात बसल्यासारखे ताठ बसले होते आणि तरी हात वरच. "आता काय छताला लावू?" मी ओरडले. ह्यांनी "तर, तर, तर" केलं आणि हात खाली टाकला.

नंतर वाईट वाटलं. मला किती हवंय की ह्यांनी मला टाकून बोलावं. पूर्वी मी बेसूर गुणगुणले की म्हणायचे, "बाईसाहेब, शेजारी आजारी आहेत." तेवढं एकदा म्हटलं तर मी वर्षभर गुणगुणणार नाही.

१५ मार्च

लेक येऊन गेली. ह्यांच्या खाटेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधून बोलणं.

तिने एक केंद्र बघून ठेवलंय. चोवीस तास माणसं, व्यायामाची मोठी खोली, बोलायला शिकवणारी बाई. पुढच्या महिन्यात खाट रिकामी होतेय. "आई, तुझ्या कमरेचा पट्टा बघ. रोज उचलतेस, बसवतेस. उद्या तू पडलीस तर दोघांना कोण बघणार?"

"माणूस ठेवायची जागा ती. मी नाही ठेवणार."

"अगं, पण त्यांना काय कळतंय? घर काय नि केंद्र काय. तूच सांगतेस ना, उशी वर केली तरी वर, अजून वर केली तरी वर."

हे मीच तिला पुरवलं होतं. हात दाखवून अवलक्षण! ती वाईट नाही. जाताना बाबांच्या पायाला तेल लावून गेली आणि जिन्यात रडली. पण मी ह्यांना सोडून कशी राहू? हे बोलत नाहीत, मान्य. तरी श्वास तर ऐकू येतो. महिनाअखेरपर्यंत सांगते म्हटलं.

१६ मार्च

वाजवलं नाही. कंबर.

२४ मार्च

व्हायब्रेटो शिकवला. गाठलेला सूर किंचित सोडायचा, पुन्हा गाठायचा, किंचित सोडायचा, पुन्हा गाठायचा. सावकाश, सारख्या मापाने. "आणि काकू, पोचायच्या आधी हलवायचं नाही. तुम्ही वाटेतच थरथरायला लागता. ते व्हायब्रेटो नाही, ती थंडी आहे."

घरी येऊन केलं. हे चमचा घेऊन बसले होते. हल्ली डाव्या हाताने स्वतःचं स्वतः जेवतात, मावशींनी शिकवलं. मी सूर हलवायला सुरुवात केली आणि ह्यांनी चमचा खाटेच्या दांडीवर हाणला. टण्ण! मी थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा टण्ण. बरोबर त्याच ठिकाणी. आवाज डोक्यात जात असेल. मी स्पीकर बंद करून वाजवलं तरी टण्णच.

ह्यांना माझं वाजवणं आवडत नाही. ज्या माणसासाठी एवढा खटाटोप करावा त्यालाच नकोसं व्हावं! गिटार कपाटामागे ठेवली आणि अर्ध्या तासात पुन्हा काढली. मला काय झालंय कळत नाही. त्या एका जागेसाठी जीव नुसता तुटतो.

३१ मार्च

लेकीचा फोन. खाट धरून ठेवायची का ते उद्यापर्यंत कळवायचंय. मी "बरं" म्हटलं. "बरं म्हणजे हो का, आई?" मी म्हटलं, हो.

हे तिकडे शांत झोपले होते. मी त्यांच्याशी काही बोलले नाही. काय बोलणार?

७ एप्रिल

जमेल तसं लिहिते.

आज क्लासला गेले तर गुरुजींचा घसाच गेलेला. घशाची गोळी चघळत बसली होती. वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं, 'आज मुकी'. म्हटलं, छान, घरीदारी तेच. बेंड सुरू केली. एरवी ती "अजून, अजून" म्हणते. आज आवाज नाही, म्हणून तिने हात उचलला. तळवा वर. आणि वर वर नेला.

मी तार सोडून दिली.

"हे काय केलंत?" मी विचारलं. तिला वाटलं मी रागावले. पुन्हा केलं तिने, तळवा वर, वर. मग खुणेने सांगितलं, सूर चढवा. खाली पडतोय.

मी तिला म्हटलं, "गुरुजी, मी अर्धवट बेंड करून थरथरवते. तुम्ही काय कराल?" तिने हातातल्या पेन्सिलीने खुर्चीवर मारलं. टक्! थांब.

मी गिटार पिशवीत तशीच कोंबली. जिना कसा उतरले, रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही.

मावशींना लवकर घरी पाठवलं. स्टूल ओढलं. मुद्दाम तार अर्धीच ढकलली. हात वर आला. मी खाटेच्या हँडलला हात लावला नाही. ह्यांच्या तळव्याकडे बघत बघत तार ढकलत गेले. तळवा वर, मी वर. बोट जळत होतं. तुटेल, आता तुटेल, तरी ढकलली. आणि तळवा थांबला. हवेत, सपाट, स्थिर. मी तिथेच धरून ठेवलं. मग ह्यांनी तळवा हळूहळू हलवायला सुरुवात केली, सावकाश, सारख्या मापाने.

एक महिना! एक महिना हा माणूस खाटेवर पडून उंटावरून शेळ्या हाकत होता, आणि इकडे पालथ्या घड्यावर पाणी. मी उशा उंच करत बसले. माझ्या मूर्खपणाचं हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. ह्यांच्या छातीवर डोकं ठेवून मी म्हणत होते, "अहो, कळतंय तुम्हाला. सगळं कळतंय." ह्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं, आणि मग तोच हात गिटारकडे केला. पुन्हा वाजव.

१२ एप्रिल

लेकीला बोलावून घेतलं. तिचा विश्वास बसेना. "आई, हात तर ते नेहमीच उचलतात."

"बस गप, आणि बघ."

अर्धी बेंड, हात वर. पूर्ण बेंड, हात स्थिर. वाटेत थरथर, चमचा टण्ण. लेक आधी कपाळाला आठ्या घालून उभी होती, मग खाली बसली. "पुन्हा," म्हणाली. मी पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी माझा व्हायब्रेटो बिघडला. ह्यांचा संताप झाला. गिटारची दांडी धरून त्यांनी स्वतःकडे ओढली, बोटं तारेवर ठेवली आणि माझ्या उजव्या हाताकडे डोळे वटारले. "तर!"

मला आधी कळेना. लेकच म्हणाली, "आई, छेड ना! बाबांचा तो हात चालतो!"

मी तार छेडली. हमाली माझी, कारागिरी त्यांची. पहिल्यांदा बोट घसरलं. वर्षभरात घट्टे गेलेले, बोटांची टोकं बाळासारखी मऊ. दुसऱ्यांदा सूर चढला पण कमी पडला. ह्यांनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्यांदा मी छेडली आणि तो चढला, पोचला, थांबला, आणि हलकेच हलला.

तीच जागा.

लेक त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. "बाबा, म्हणजे त्या दिवशी आम्ही इथे बसून बोललो ते तुम्ही सगळं ऐकलंत." मग म्हणाली, "चुकलं आमचं. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. आता विचारते. तुम्हाला केंद्रात जायचंय का? मी खाट आत्ता रद्द करते."

मी मनात म्हटलं, झालं, सुटलो. उत्तर मला माहीतच होतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला, तारांपाशी आणून ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. मग दाराकडे बोट केलं.

"व्यायामाला?" लेकीने विचारलं. "हात परत आणायला? जायचंय?"

ह्यांनी मान हलवली. खाली, वर. स्पष्ट.

१३ एप्रिल

भांडले. सकाळभर भांडले. "मी छेडते ना तार! तुम्हाला उजवा हात कशाला हवा? मी आहे की उजव्या बाजूला!" ह्यांनी मान नाही अशी हलवली. "मला सोडून जायचंय का?" नाही. "मग राहा." नाही. "तुम्ही आयुष्यभर असेच आहात, आपलंच खरं करणारे!" त्यावर हसले. तोंडाची एकच बाजू हसते, पण हसले.

लॅबमध्ये एक कवळी उलट्या, हिरडीला टेकणाऱ्या बाजूने पॉलिश केली. मालक म्हणाले, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, नवरा-बायकोचं भांडण झालंय. ते म्हणाले, व्हायचंच. त्यांना काय कल्पना, मी ते किती मिरवून सांगितलं!

२० एप्रिल

आज ह्यांना पोचवलं.

खोलीला मोठी खिडकी आहे. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ, वर्तमानपत्र उलटं धरून बसलेले. गिटार मी सोबत नेली होती, ह्यांच्याजवळ ठेवायला. ह्यांनी ती माझ्याकडे ढकलली. मी पुन्हा ठेवली, पुन्हा ढकलली. शेवटी मी म्हटलं, "म्हणजे घरचा अभ्यास दिलात?" तर मान, खाली-वर.

व्यायामाच्या खोलीत दोन लाकडी दांड्या आहेत, त्यांच्यामधून चालायचं. तिथला माणूस म्हणाला, पहिला दिवस आहे, नुसतं बघून घ्या. ह्यांनी ऐकलं नाही. डाव्या हाताने दांडी धरली आणि उभं राहायचा हट्ट सुरू केला. मी आधार द्यायला पुढे झाले तर माझा हात बाजूला केला. मला जाऊन बसायला सांगितलं, खुणेने. लेक म्हणाली, "चल आई, त्यांचं काम सुरू झालंय."

वर्षभर मी ज्या माणसाची वाट बघितली तो परत आला, आणि आल्या आल्या पहिली गोष्ट काय केली, तर निघाला. मला राग आलाय. खरंच आलाय. हे इथे असते तर हे सगळं त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं.

लेकीने दारापर्यंत सोडलं, आत येऊ का विचारलं. मी नको म्हटलं. घर उघडलं. चप्पल काढली. खाटेची गादी मावशींनी उन्हात टाकली होती, ती आत आणली. गिटार पिशवीतून काढली नाही. उद्या काढीन, कारण शनिवारी भेटायला जायचंय आणि तयारी नसेल तर ऐकून घ्यावं लागेल.

आजवर वाट बघत होते, पण समोर कुणी आहे की नाही तेच माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून जास्त दुखतंय. मला ह्यांचा हात परत यायला हवा आहे, आणि मला हे आत्ता, या खोलीत, या खाटेवर हवे आहेत, आणि दोन्ही एकदम मिळणार नाही. दोन वेळा केंद्राला फोन लावायला घेतला आणि ठेवला. शनिवार फार लांब आहे.